भावाच्या निम्मं

आतार बाईंना प्रश्नांचा राग येत नसे, कंटाळा येई. न्हावऱ्याच्या शाळेत त्या एकट्याच मुसलमान. त्यामुळे इस्लामबद्दल ज्याला जे विचारायचं असेल तो ते त्यांनाच विचारी. मुख्याध्यापक मस्टर पुढे सरकवत विचारत, "तुमच्यात चार करता येतात ना?" दूध घालणारी नकुशी माप ओतता ओतता विचारी, "तुमी बुरखा का घालत न्हाई?" कंडक्टर सुटे पैसे द्यायचे सोडून तलाकचं विचारी. बाईंची उत्तरं ठरलेली होती. चारचं उत्तर होतं, "आमच्या मिस्टरांना एकच झेपत नाही." बुरख्याचं, "धुवायला वेळ नसतो." तलाकचं उत्तर लांब होतं, म्हणून तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत.

बाईंचे मिस्टर दौंडला रेल्वेत होते आणि सहा वर्षांची मुलगी सासूजवळ. बाई आठवडाभर न्हावऱ्यात भाड्याच्या खोलीत राहत. शनिवारी घरी गेल्या की मुलगी पाहुणीला विचारावं तसं विचारी, "तुम्ही कधी आलात? कधी जाणार?" बाईंना दौंडला बदली हवी होती. अर्ज तीन वर्षं पडून होता आणि तो हलवू शकेल असा गावात एकच माणूस होता : शाळा समितीचे अध्यक्ष पोपटराव.

पोपटरावांनी मार्च उजाडताच बाईंना बोलावून घेतलं.

"बाई, आठ तारखेला महिला दिन हाय. बचत गटाच्या समद्या बाया येनार. तुमी धा मिन्टं बोला."

"कशावर?"

"मुसलमान बायांवर कसा अन्याव होतो, त्याच्यावर. आमच्या बायांना कळू द्या, आपन किती सुखात हाय त्ये."

"आणि माझ्या बदलीचं?"

"भाषान झालं की फोन. शब्द हाय आपला."

बाईंनी भाषण केलं. खोटं बोलण्याची गरज पडली नाही. नुसत्या तोंडी तलाकवर सोडलेली मामेबहीण त्यांना होती, नवऱ्यानं बायकोला द्यायच्या, पण निकाहाच्या कागदावरच राहिलेल्या मेहरच्या रकमेच्या गोष्टीही होत्या. पोपटराव पहिल्या खुर्चीवर मान डोलवत होते. बाई खाली बसणार, तेवढ्यात मागून सोजराबाई उठल्या. या पोपटरावांच्या थोरल्या बहीण. सासर कवठे येमाईला, पण दोन दिवस माहेरी आलेल्या.

"बाई, तुमच्यात बापाच्या जमिनीत लेकीला काय मिळतं?"

हा प्रश्न बाईंना आजवर कोणी विचारला नव्हता. ठरलेलं उत्तर नव्हतं, म्हणून त्यांनी खरं सांगितलं. "हिस्सा मिळतो. भावाच्या निम्मा."

"ऐकलं?" पोपटरावांनी मांडीवर थाप मारली. "निम्मा! लेक म्हंजी काय अर्धं मानूस हाय का?"

"मंग आपल्यात किती रं?" सोजराबाईंनी विचारलं.

पोपटराव उभेच राहिले. "आपल्यात सारखा! लेक आन् ल्योक समान. कायदाच हाय तसा!"

टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर सोजराबाई म्हणाल्या, "मंग सोमवारी शिरूरला नेऊन तू माझी सही कशावर घेनार हायस?"

हक्कसोडपत्रावर, हे सभेतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. गावात भाऊ जमीन आपल्या नावावर करताना बहिणींना गाडीतून शिरूरला नेत, सही झाली की भेळ खाऊ घालत आणि एक साडी देऊन परत पोचवत. बहुतेकींच्या अंगावर तशीच साडी होती.

"आक्का, घरी बोलू," पोपटराव म्हणाले.

"घरी कशाला? मला सारखा न्हाई दिला तरी चालंल. बाईंच्यातल्यावानी निम्मा दे."

"म्हंजी आपल्या घरात आता मुसलमानी कायदा आनू का?"

"नगं वाटत आसंल तर आपलाच आन. सारखा."

संध्याकाळी पोपटराव बाईंच्या खोलीवर आले. "बाई, तुमी आग लावली."

"मी एका प्रश्नाचं उत्तर दिलं, आप्पा."

"आता इझवा. खरं सांगा, तुमी तुमचा हिस्सा घेतला का?"

दौंडला वडिलांचं घर होतं. वडील गेल्यावर भाऊ हनीफ कागद घेऊन आला होता, बाईंनी सही केली होती. त्यानं ड्रेसचं कापड दिलं होतं.

"नाही," त्या म्हणाल्या.

"मंग त्येच आक्काला सांगा की! तुमी सांगा, मी फोन करतो."

बाई त्यांच्यामागून त्यांच्या घरी गेल्या. सोजराबाई ओट्यावर डाळ निवडत होत्या. पोपटराव दाराशी उभे राहिले.

"सोजराबाई, मीपण वडिलांच्या घरातला हिस्सा सोडलाय."

"का वो?"

"माहेर तुटू नये म्हणून."

"मंग न्हाई तुटलं?"

बदली 'नाही तुटलं' एवढ्या दोन शब्दांवर होती. बाईंनी ते ओठांवर आणून पाहिले. भाऊ सासरपासून दोन गल्ल्या सोडून राहत होता आणि गेल्या ईदला त्यानं शेजाऱ्याच्या हाती शीरखुर्मा पाठवला होता.

"डबा येतो," बाई म्हणाल्या.

सोजराबाईंच्या हातातलं सूप हलायला लागलं, इतक्या त्या हसल्या. "पोपट, ऐकलं का? आख्ख्या घराचा एक डबा! डबा तरी धाडायचास का रं तू?"

सोमवारी गाडी शिरूरला गेली नाही. बदलीही गेली, असं धरून बाई वर्गावर गेल्या. पण दुपारी मुख्याध्यापक धावत आले. पोपटरावांनी सकाळपासून तीन फोन केले होते. धाकटी बहीण अनसाबाई कासुर्डीहून सहीसाठी यायची होती. ती यायच्या आत ही बाई गावात नको, असं त्यांचं म्हणणं होतं. पंधरवड्यात बाई दौंडला होत्या.

पहिल्याच रविवारी हनीफभाई स्वतः पेढे घेऊन आले. गल्लीतल्या बायकाही जमल्या. मुलगी मांडीवर येऊन बसली. बाईंना हलकं वाटलं. इथं सगळे आपलेच होते, इथं इस्लामबद्दल कोणी काही विचारणार नव्हतं.

"जुलेखा," शेजारची खाला म्हणाली, "तू न्हावरे में भाषन की, सुनी मैंने. अपने में बेटी को बाप के घर में हिस्सा रहता क्या?"

हनीफभाईंचा पेढा हातातच राहिला. बायका बाईंकडे बघू लागल्या.

बाईंनी मुलीला खाली उतरवलं आणि रिकामे कप ट्रेमध्ये गोळा केले.

"मैं क्या बोलूं, खाला? भाईजान मशीद कमिटी में हैं. उनसे पूछो."

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि चहाचं आधण ठेवलं. बाहेर हनीफभाईंनी घसा साफ केल्याचा आवाज आला. बाईंनी गॅस बारीक केला.