बी विंगची सरासरी

मनुष्याच्या सर्व सुखदुःखांचे मूळ आतड्यात असते, हे सत्य आमच्या हडपसरच्या सोसायटीला यंदा समजले. त्यापूर्वी ते पार्किंगमध्ये असते असा आमचा समज होता.

भाज्याफळांतली रंगीत, तुरट, कडू द्रव्ये बरीचशी न पचताच मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले सूक्ष्मजीव ती फोडून आपल्या उपयोगाची करतात. हे मी वाचले आहे आणि ते बहुधा खरे असावे. (माझ्या ‘बहुधा’वर फार विसंबू नये.) समितीला असल्या शंका नसतात. आतडे-आरोग्य समितीच्या अध्यक्ष तनुजाताई आयटीत आहेत. त्यांनी ठरवले, प्रत्येकाने आठवड्याला तीस निरनिराळ्या वनस्पती खायच्या. प्रत्येक विंगची सरासरी लिफ्टशेजारी फळ्यावर लागू लागली. मंडईत भाजीवर फुकट मिळालेली कोथिंबीर धरावी का, यावर उपसमिती बसली. (निर्णय : धरावी. मागून घेतली असल्यास अर्धी.)

बी विंगची सरासरी दिगंबररावांनी खाली ओढली. त्यांच्या आतड्याचे ऑपरेशन झाले होते. साली, बिया, कच्चे काही पोटात गेले तर आतडे पुन्हा अडकेल, म्हणून डॉक्टरांनी फक्त मऊ भात आणि ताक सांगितले होते. सोसायटीत आतड्याचा खरा आजार असलेले हे एकटेच सभासद, आणि आतड्याच्या आरोग्याला अडचण नेमकी त्यांचीच.

शिष्टमंडळ त्यांच्या घरी गेले. नाही म्हणता न आल्याने मीही गेलो.

“काका, तांदूळ धरून तुमचा स्कोअर एक आहे,” तनुजाताई म्हणाल्या.

“आणि ताक?” दिगंबररावांनी आशेने विचारले.

“ताक म्हशीचं असतं, काका. प्लांट नाही.”

“म्हैस गवत खाते,” दिगंबररावांच्या पत्नी प्रेमलावहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “तिला सभासद करून घ्या.”

“अहो, डॉक्टरांनी लिहून दिलंय मला,” दिगंबरराव ओशाळून म्हणाले.

“डॉक्टर ट्रीटमेंट बघतात, काका. आम्ही वेलनेस बघतो.”

एवढा स्पष्ट खुलासा करून शिष्टमंडळ उठले.

रविवारी निकाल होता. ए विंग किंचित पुढे होती. सकाळी समितीने दिगंबररावांकडे एक वाडगा पाठवला : मोड आलेली मटकी, कच्चा कोबी, मक्याचे दाणे, सालीसकट पेरू, वर जवस आणि तीळ. वहिनी दूध आणायला गेल्या होत्या. आपल्यामुळे कुणाची गैरसोय होऊ नये, हा या गृहस्थांचा जन्मभराचा आजार. (यावर ऑपरेशन नाही.) त्यांनी वाडगा संपवला आणि धुऊन परत केला.

बी विंग जिंकली. टाळ्या चालू असतानाच ॲम्ब्युलन्स आली, म्हणून तिला गेटवर थोडे थांबावे लागले.

दिगंबररावांचे दुसरे ऑपरेशन झाले. ते अतिदक्षता विभागात आहेत आणि वहिनी बाहेरच्या बाकावर. तोंडाने काहीच घेत नसल्याने दिगंबररावांचा स्कोअर शून्यावर येत होता. समितीने सहृदयतेने त्यांची नोंद ‘बाहेरगावी’ अशी केली. सरासरी वाचली.

ही हकिगत मी ज्यांना ज्यांना सांगितली, त्या प्रत्येकाने शेवटी एकच प्रश्न विचारला : तीसमध्ये कॉफी धरतात का? आपण तसे नाही. वाचता वाचता आपण मनात कालच्या भाज्या मोजल्या नसणार, याची मला खात्री आहे. तरी घरात कुणी विचारलेच, तर माहीत असावे.

कॉफी धरतात.

दिगंबरराव अजून शुद्धीवर आलेले नाहीत. पण ते आपण विचारले नव्हते.