फुगे दिसले की उजवीकडे

"या वेळी मी शेवटची येणार नाही!"

लिसेथ तिबादुइसाने ही घोषणा शुक्रवारी सकाळी केली, न्याहारीच्या टेबलावर, चांगुआच्या वाडग्यात चमचा आपटून. दुधाचं सूप उडालं, त्यातलं अंडं एवेलिओमामाच्या शर्टावर जाऊन बसलं, आणि घोषणा खिडकीतून बाहेर पडून कांद्याच्या वाफ्यांवरून थेट तळ्यापर्यंत गेली. सान रोके गावात खिडकीबाहेर पडलेली गोष्ट दुपारपर्यंत सगळ्यांच्या मालकीची होते.

"शेवटच्या नाही, म्हणजे मग कितव्या, लिसेथबाई?" आईने विचारलं. दोन्या एदिल्मा, म्हणजे एदिल्माबाई, लेकीला अहो-जाहो करायच्या. त्यात विशेष काही नाही. त्या कोंबड्यांनाही अहो-जाहोच करायच्या.

"ते आत्ताच कशाला? पण शेवटची नाही!"

घोषणेला इतिहास होता. लिसेथ तुंहाच्या विद्यापीठात भूमापन शिकत होती, दुसऱ्या वर्षाला. नकाशे काढावेत, उतार मोजावेत, असं सरळ आयुष्य सोडून तिला ट्रायथलॉनचं वेड लागलं. आधी पोहा, मग सायकल हाणा, मग पळा, आणि मधे बसून चहा घ्यायचा नाही! पहिल्या शर्यतीत ती पोहत पोहत भलत्याच काठाला लागली. तिथल्या शेतकऱ्याने तिला गरम पानेला, म्हणजे गुळाचं पाणी, पाजलं आणि गाईच्या गोठ्यातून परत आणून सोडलं. दुसऱ्या शर्यतीत ती शेवटची आली. मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी काच खाली करून विचारायचा, "बसताय का?" तिसऱ्या शर्यतीतही ती शेवटचीच, पण या वेळी ड्रायव्हरने दोनदाच विचारलं. प्रगती म्हणतात ती हीच!

पण चौथ्या शर्यतीची गोष्ट वेगळी होती. विद्यापीठाच्या संघात चार मुली हव्या होत्या. तिघी ठरल्या होत्या. चौथ्या जागेसाठी उरल्या दोघी : लिसेथ आणि राजधानीतून आलेली सारय. सारयची सायकल इतकी हलकी की एका करंगळीवर तोलावी, आणि हेल्मेट असं टोकदार की मागून बघणाऱ्याला वाटावं एखादी चिमणी रागावून निघाली आहे.

"सान रोकेच्या शर्यतीत जी पुढे येईल ती जाईल," संघाचे प्रशिक्षक पेर्तुससरांनी सांगितलं. "कुठे? सान्ता मार्ताला! माझ्या गावाला! समुद्रात पोहायचं, पोरींनो!"

समुद्र! लिसेथने तो कधी पाहिलाच नव्हता. तीन हजार मीटर उंचीवरच्या गावात थंडी मिळते, कांदा मिळतो, धुकं तर फुकट मिळतं. समुद्र तेवढा मिळत नाही. लहानपणी आई तळ्याकाठी धुणं धुताना म्हणायची, "हे एवढंसं पाणी एवढं सुंदर, तर ते एवढं मोठं कसं असेल हो?" आईनेही पाहिला नव्हता. तेव्हापासून लिसेथच्या पोटात एक लाट होती. ती कुठे फुटायची ते तिला माहीत नव्हतं.

"आता माझे तीन नियम ऐक," सर म्हणाले. सर किनाऱ्यावरचे, ते साधं बोलले तरी भांडल्यासारखं वाटायचं. "एक, बाहेरच्या कुणाची मदत घ्यायची नाही, नाहीतर बाद. दोन, रस्त्यावर कागदाचा कपटासुद्धा टाकायचा नाही, नाहीतर बाद. तीन, चौकात उभा असलेला स्वयंसेवक सांगेल तिकडे वळायचं. वाद घातलास तर मीच तुला बाद करीन!"

लिसेथने तिन्ही नियम हातावर लिहून काढले. आणि त्या नियमांनीच तिचा घात केला.

झालं असं की शर्यत भरवणारी मंडळी राजधानीची. त्यांनी कॅलेंडरात रविवार बघितला आणि खूण केली. तो रविवार सोळा जुलैचा आहे, म्हणजे कारमेनमातेचा आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. कारमेनमाता ही सगळ्या ड्रायव्हरांची आई. त्या दिवशी गावातला प्रत्येक ट्रक, टॅक्सी, दुधाची गाडी फुगे-फुलं लावून नवरीसारखी सजते, मिरवणुकीने निघते आणि फादरकडून पवित्र पाण्याचे शिंतोडे घेते. महापौर म्हणाले, "काळजी नको! शर्यत दहाला संपते, मिरवणूक अकराला निघते."

हिशोब चोख होता. पण फादर आनिबाल यांना शर्यत बघायची होती! वीस वर्षांत ज्यांचं प्रवचन तासाच्या आत कधी संपलं नाही, त्यांनी त्या दिवशी सात मिनिटांत उरकलं. मिरवणूक नऊलाच निघाली.

इकडे एवेलिओमामा पहाटेपासून आपला कांद्याचा ट्रक सजवत होते. ट्रकचं नाव 'लाडकी'. लाडकीला निळ्या-पांढऱ्या फुग्यांचा हार घातला, आरशाला जपमाळ टांगली, तरी बावीस फुगे उरले. मामांचा जीव हळहळला. 'आज सगळ्या गाड्या नटल्या, आणि भाचीचीच बोडकी?' सायकली ठेवल्या होत्या त्या कुंपणाचा राखणदार मामांचा जिगरी दोस्त. मामा आत गेले आणि पाच मिनिटांत हसत बाहेर आले.

शिट्टी वाजली. एकतीस जणी तळ्यात उतरल्या. ते पाणी असं की पाय घातला की तो पाय आपला राहत नाही! पण लिसेथ त्या पाण्यातच वाढलेली. ती सपासप हात मारत निघाली आणि चक्क चौदावी बाहेर आली. चौदावी! काठावर आई उभी होती, अंगावर लोकरीचा रुआना, डोक्यावर टोपी. दोन्या एदिल्मांना आनंद झाला की त्यांच्या तोंडून पद बाहेर पडायचं :

"गार गार पाण्यातून
निघे माझी मासोळी,
वाट सोडा बायांनो,
धाव घेते सावळी!"

मासोळी धावत सायकलपाशी आली आणि जागच्या जागी थिजली. चाकांच्या तारांत कागदी गुलाब. हँडलला मातेची तसबीर. सीटच्या मागे बावीस फुगे आणि पुठ्ठ्यावर मामांच्या अक्षरात मजकूर : 'माते, लेकरू निघालं, नजर ठेव.'

"मामा!" ती किंचाळली. पलीकडून मामांनी टोपी उडवली.

तिने फुग्यांना हात घातला, तोच पंचांनी शिट्टी तोंडात धरली. नियम दुसरा! फुगा फोडला तर त्याचा तुकडा पडणार. गुलाब उपटला तर पाकळी पडणार. लिसेथने दात-ओठ खाल्ले आणि निघाली. बावीस फुगे मागे झुलत होते, वारा त्यांना धरून तिला मागे ओढत होता, आणि रस्त्याकडेच्या बायका हात जोडत होत्या. तरी चढावर तिने चौघींना मागे टाकलं! सारयलासुद्धा!

बारा किलोमीटरवर तिठा होता. तिथे उभे होते एव्हारिस्तोकाका, निवृत्त पोस्टमन. चाळीस वर्षांत एकही पत्र चुकीच्या दारी टाकलं नाही, असा माणूस. त्यांना सकाळी सूचना मिळाली होती : सायकली डावीकडे, सजवलेल्या गाड्या उजवीकडे. आतापर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग समोरून आली सजवलेली सायकल.

एव्हारिस्तोकाकांनी दोन क्षण विचार केला. मातेची तसबीर दिसली. विचार संपला.

"उजवीकडे!"

"काका, पण रस्ता तर डावी—"

"फुगे दिसले की उजवीकडे!"

नियम तिसरा! भूमापनाची विद्यार्थिनी, गावचा प्रत्येक बांध पाठ असलेली, मुकाट उजवीकडे वळली. 'मार्ग बदलला असेल,' तिने मनाची समजूत घातली. मागून सारय आली. तिला गावाचा काडीइतका पत्ता नव्हता. तिला फक्त फुगे दिसत होते. तीही वळली.

पुढच्या वळणावर दोघी मिरवणुकीत शिरल्या. पुढे त्रेचाळीस गाड्या, मागून अग्निशमन बंब येऊन चिकटला. भोंगे, फटाके, बँड! आणि थेट पुढे लाडकी. तिच्या मागच्या फळीवर शेजाऱ्यापाजाऱ्यांसह उभ्या दोन्या एदिल्मा.

"लिसेथबाई! आलात का मातेच्या पाया पडायला? गुणाची माझी!"

"आई, मी शर्यतीत आहे! मला पुढे जाऊ द्या!"

"अहो, पोरीला वाट द्या!" मामा ओरडले. आणि इथेच सगळं अडलं. कारण आमच्याकडे वाट देणं ही साधी गोष्ट नसते.

"या ना, आपण पुढे व्हा," दुधाच्या गाडीवाला म्हणाला.

"छे छे, आधी आपण," टॅक्सीवाल्याने हात जोडले.

"माझं काय, मी सावकाश जाईन. या भाजीवाल्या काकूंना आधी जाऊ द्या."

"माझ्याआधी? देवाशप्पथ नाही!"

त्रेचाळीस ड्रायव्हर एकमेकांना आग्रह करत राहिले आणि एकही चाक हललं नाही. लिसेथ सायकल धरून ह्याच्या खिडकीशी जा, त्याच्या पाया पड, असं करत होती. तेवढ्यात आई फळीवरून खाली उतरल्या. लेकीचे पाय निळे पडलेले त्यांनी पाहिले, आणि घोट्याला करकचून बांधलेला काळा पट्टा पाहिला.

"अगंबाई! बाजारातल्या कोंबडीसारखा पाय बांधलाय माझ्या लेकराचा!"

"आई, मदत करू नका! बाद करतील!"

"मदत कुठे करतेय? पाय चोळतेय."

आईने पट्टा सोडला, घोटा चोळला, आणि पट्ट्यालाही मातेचा आशीर्वाद लाभावा म्हणून तो लाडकीच्या आरशाला जपमाळेशेजारी टांगून दिला. थंडीने बधिर झालेल्या पायाला काही कळलं नाही, आणि लिसेथ तर टॅक्सीवाल्याशी बोलत होती. त्या पट्ट्यात वेळ मोजणारी चकती होती, हे आईला कोण सांगणार!

शेवटी फादर आनिबालच बादली घेऊन आले. त्यांनी झाडूने लिसेथवर पाणी उडवलं. मग सारयचं टोकदार हेल्मेट बघून त्यांना वाटलं, हे वाहन जरा जास्तच धोक्याचं दिसतंय; उरलेली बादली त्यांनी तिच्यावर उपडी केली.

"गाडीचं नाव काय, मुली?" त्यांनी प्रेमाने विचारलं.

सारय हुंदका देत म्हणाली, "फादर, मला फक्त शर्यतीचा रस्ता सांगा हो!"

लिसेथने तिच्याकडे बघितलं. हीच वेळ होती. कांद्याच्या वाफ्यांमधून एक पाऊलवाट तिठ्याकडे जात होती, आणि ती फक्त लिसेथला ठाऊक होती. एक टांग मारायची आणि सुटायचं. सान्ता मार्ता! समुद्र! सारय इथेच आशीर्वाद घेत बसली असती संध्याकाळपर्यंत.

पण चिमणीच्या चोचीवरून पाणी निथळत होतं.

"ऊठ गं," लिसेथ म्हणाली. "फुग्यांच्या मागे ये. फुगे सोडू नकोस!"

दोघी वाफ्यांतून निघाल्या. निळे-पांढरे फुगे पुढे, चिमणी मागे. तिठ्यावर येऊन डाव्या रस्त्याला लागल्या आणि राहिलेलं सगळं अंतर त्यांनी पुरं केलं. सायकली टांगून पळायला लागल्या तेव्हा बाकीच्या एकोणतीस जणी कधीच्या संपवून संत्री खात बसल्या होत्या. मिरवणूकही तळ्याकाठी पोचली होती. फादरांनी त्या दोघींना बघितलं आणि भोंग्यावरून सांगितलं, "आज माता गावातून फिरणार नाही! आज माता मागे राहिलेल्यांच्या मागून चालणार!"

मग काय विचारता! पुढे दोन पोरी, मागे पायी चालीने लाडकी, तिच्यामागे सगळ्या गाड्या, बंब आणि बँड. पाच किलोमीटर! कुठल्या विजेतीच्या मागे एवढा लवाजमा कधी निघाला नसेल. दर वळणावर आईचं पद :

"एक पाय पुढे टाक,
दुसरा येई मागुती,
तळं माझं धाकटं गं,
थोरलं पाणी बोलावती!"

शेवटच्या शंभर मीटरवर लिसेथने जीव एकवटला आणि सारयच्या तीन पावलं आधी कमान ओलांडली. सान रोके गाव एकदम ओरडलं. मामांना ब्रेक दाबायचं सुचलं नाही. सुचलं असतं तरी मागे त्रेचाळीस जण होते. लाडकीही कमानीखालून गेली. जमिनीवरच्या वेळ मोजणाऱ्या पट्टीवरून जाताना 'टुं' असा आवाज आला, पण बँडमध्ये तो कुणी ऐकला नाही.

निकालाचा कागद लागला. तिसाव्या क्रमांकावर : सारय. एकतिसाव्या, म्हणजे शेवटच्या : लिसेथ तिबादुइसा.

"हे कसं शक्य आहे!" लिसेथ खाली बसली. मग तिने आपला घोटा बघितला. मग लाडकीचा आरसा बघितला. जपमाळेशेजारी तिची शर्यत टांगलेली होती.

पेर्तुससरांनी कपाळाला हात लावला. "अगं पोरी, मी डोळ्यांनी बघितलं तू पुढे होतीस! पण संघ कागदावर ठरतो. कागदावर तू ट्रक आहेस!"

आई पदर शोधावा तसं रुआनाचं टोक चाचपत होत्या. "माझ्यामुळेच झालं हो," त्या हळूच म्हणाल्या.

तेव्हा सारय उठली. हेल्मेटमधून अजून पाणी ठिबकत होतं. "सर, चढापासून शेवटपर्यंत मी हिच्या फुग्यांच्या मागे होते. त्यानंतर हिच्यापुढे मी एक क्षणसुद्धा नव्हते. तसं लिहून देते, सही करते. आणि समुद्र मी चौदा वेळा पाहिलाय. खारट असतो."

तिने खरंच लिहून दिलं. साक्षीदार म्हणून फादरांनी सही केली आणि चौथी जागा लिसेथला मिळाली. निकालाचा कागद मात्र बदलला नाही. तो यंत्राने लिहिलेला होता, आणि यंत्राला कारमेनमाता माहीत नव्हती. शर्यत पुरी केल्याचं पदक मामांनी लाडकीच्या आरशाला टांगलं. हमरस्त्यावरच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर ते सांगतात, "एकतीस जणींत एकतिसावी. पण ट्रकांमध्ये पहिली!"

सप्टेंबरात सान्ता मार्ताहून आईला फोन आला. मागे लाटांचा आवाज असा येत होता, की दोन्या एदिल्मांनी फोन दोन्ही हातांनी धरला आणि कितीतरी वेळ नुसत्या ऐकत राहिल्या.

"आई, किती मोठा आहे म्हणून सांगू! दुसरा काठच नाही हो याला!"

"ऐकतेय हो, बाळा, ऐकतेय," आईने डोळे पुसले. मग घसा साफ केला. "आणि कितव्या आलात, लिसेथबाई?"

पलीकडे एक लाट आली आणि गेली. आणखी एक आली आणि गेली.

"आई… इथे माझ्या मागे ट्रकसुद्धा नव्हता हो."