मानकरी मंडळ

कर्णिक मास्तरांना तीन माणसं एका जागी नुसती बसलेली बघवत नसत. दोन असली तर ते चालवून घेत. तिसरा येऊन टेकला की मास्तर उभे राहत, कोटाची बटणं लावत आणि म्हणत, "मंडळ स्थापन करायला हरकत नसावी." कुणी हरकत घ्यायच्या आत तिघांपैकी एक अध्यक्ष, एक चिटणीस आणि एक खजिनदार झालेला असे. खजिन्याचा पत्ता नसे, पण खजिनदार नेमल्याशिवाय मास्तरांना चैन पडत नसे.

मी आणि कर्णिक शहापूरच्या एका लहानशा ट्रेनिंग कॉलेजात शिकवत होतो. लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. कॉलेज हा शब्द इमारतीला जरा सैल होत होता. तीन खोल्यांचं कौलारू घर, आणि पावसाळ्यात त्यातल्या दोनच खोल्या वापरता येत. शहापूर-मुरबाडच्या खेड्यांतली मराठी सातवी झालेली मुलं इथे येत आणि प्राथमिक शाळेचे मास्तर होऊन बाहेर पडत. मी गणित शिकवी. कर्णिक मराठी शिकवत, निदान वेळापत्रकात तसं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात ते मंडळं चालवत.

वक्तृत्व मंडळ होतं, हस्ताक्षर मंडळ होतं, भारंगी नदीवर पोहायला जाणाऱ्यांचं मंडळ होतं आणि काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळणाऱ्यांचं सहायक मंडळही होतं. दर शनिवारी मौन मंडळ भरे. त्याच्या उद्घाटनाला मौनाचं महत्त्व सांगता सांगता मास्तर इतके रंगले की अंधार पडला आणि मौन पुढच्या शनिवारवर गेलं. मुलं थोडी, पदं फार. एकदा मी एका मुलाला फळ्यापाशी बोलावलं तर तो आदबीने म्हणाला, "येतो, मास्तर. पन आता मी अध्यक्ष हाय." शिपाई धोंडूला त्यांनी घंटा मंडळाचा चिटणीस केलं होतं. त्या दिवसापासून घंटेला उशीर होऊ लागला. विचारलं की धोंडू म्हणे, "आदी ठराव होऊ द्या, मंग वाजवतो."

मला समारंभाचा मूळचाच कंटाळा. गळ्यात हार घातलेला माणूस मला पोळ्याच्या बैलासारखा दिसतो, आणि बैलाच्या चेहऱ्यावर निदान संकोच असतो. पण कर्णिकांवर रागावणं कठीण होतं. त्यांनी स्वतःकडे कधी एकही पद घेतलं नाही. ते साध्या गोष्टीही सभेच्या भाषेत बोलत. खानावळीत आमटी खारट झाली की, "नापसंती नोंदवून घ्या." आमच्या घरी आले की दारातूनच माझ्या बायकोला हाक, "वहिनी, चहाची सूचना मी मांडतो. यांचं अनुमोदन गृहीत धरलंय."

"सूचना फेटाळली, भावजी," ती आतून म्हणे. "दूध नासलंय."

"मग कोऱ्या चहाची उपसूचना!"

एका बाबतीत मात्र ते उघडत नसत. सुट्टी लागली की आम्ही सगळे आपापल्या गावी जायचो. कर्णिक कॉलेजमागच्या आपल्या खोलीतच राहत. "तुम्ही मूळचे कुठले?" असं कुणी विचारलं तर म्हणत, "सध्या शहापूरचा. पुढचा विषय."

एका वर्षी त्यांच्या कानावर आलं की मुंबईच्या मोठ्या कॉलेजांतून निवडक हुशार विद्यार्थ्यांचं वेगळं मंडळ असतं. त्यात शिरायला गुण लागतात, आणि नावं सोनेरी अक्षरांत फळ्यावर चढतात. झालं. आठवडाभर ते नावाच्या शोधात फिरत होते. मी 'शहाण्यांचं मंडळ' सुचवलं. त्यांनी माझ्याकडे दुःखाने पाहिलं. शेवटी एका सकाळी वर्गाच्या दारात येऊन ओरडले, "मानकरी मंडळ! शब्द कसा घरचा आहे!"

शब्द घरचा होता, तीच अडचण झाली.

पहिला मानकरी कोण, यावर वाद नव्हता. मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याच्याही पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे, तिथला कमळू. गणितात पहिला, भाषेत पहिला. सुट्टीत गावी गेला की देवळापुढे पोरं जमवून त्यांना अक्षरं शिकवायचा. मास्तरांनी बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचा गोल बिल्ला कापून घेतला, त्यावर स्वतः पिवळा रंग दिला आणि होळीनंतरच्या रविवारी समारंभ ठरवला. बाजारच्या दिवशी ही बातमी मुरबाडला पोचली आणि तिथून डोंगराकडे गेली. पोचली ती अशी : कालिजानं कमळूला मान दिला.

आता तिकडच्या गावांत मान म्हणजे काय, हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. होळीचा पहिला नारळ कुणाच्या घरचा, पहिली मशाल कुणाच्या हातात, पालखीचा उजवा खांदा कुणाचा, हे सगळं घराघराला वाटून दिलेलं. जमिनीच्या तुकड्यावरून लोक एकवेळ समजूत घालून घेतील, नारळावरून नाही. आणि कमळूच्या घराला कसलाच मान नव्हता.

होळीच्या आधीच्याच रविवारी कॉलेजासमोर दोन बैलगाड्या उभ्या राहिल्या. एकीतून थोरल्या पातीचे गोमा पाटील उतरले, दुसरीतून धाकट्या पातीचे धर्मा पाटील. दोघं एकाच गावचे. होळीच्या नारळावरून कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणून दोन गाड्या.

"कमळूला मान देनारे मास्तर तुमीच का?" गोमा पाटलांनी विचारलं.

"मीच!" कर्णिक खुलले. "या, बसा. पहिला मानकरी झाला तुमचा कमळू."

"पयला?" दोन्ही पाटील एकदम म्हणाले. इतक्या वर्षांत बहुधा प्रथमच त्यांचं एकमत झालं असावं.

"पयला मान आमच्या घरचा," गोमा पाटील म्हणाले.

"तुमचा कसा?" धर्मा पाटील हवेत बघून बोलले. "नारळ आमचा हाय."

"नारळ तुमचा? इचार तुझ्या आज्याला!"

"आज्या मेला."

"मेला नसता तं तोच बोलला असता, नारळ गोमाचा."

कर्णिकांनी हात वर केले. "मंडळी, हा मान नारळाचा नाही. अभ्यासाचा आहे."

"अब्यास कंच्या घरचा?" गोमा पाटील म्हणाले. "त्याचा बाप होळीला लांब उभा रातो. नि पोरगा पयला मानकरी? ऐका मास्तर. कमळूनं मान घेतला तं या साली होळीचा इस्तू त्याच्या घरात जायाचा नाय."

"नाय जायाचा," धर्मा पाटलांनी हवेला सांगितलं.

होळीचा विस्तव घरी आला नाही, म्हणजे ते घर गावातून उठलं. पुढे लग्नाला कुणी येणार नाही, मयताला कुणी येणार नाही. दोन दिवसांनी कमळू मास्तरांच्या खोलीत आला. मी तिथेच होतो.

"मास्तर, बाचा सांगावा आलाय. कालिज सोड नि घरी ये. मान बी नको नि मास्तरकी बी नको."

"आणि तुझं काय म्हणणं?"

"मी काय बोलू? मानूस सांगत होता, बा रडला. बाला मी कवा रडताना बघला नाय."

तो गेल्यावर मी म्हटलं, "कर्णिक, तेवढा एक पत्र्याचा तुकडा फेकून द्या. मंडळ बरखास्त करा."

"मंडळ बरखास्त होईल हो," ते म्हणाले. "बातमी कशी बरखास्त करणार? बाप त्याला नेणारच." मग उठून कोट चढवला. "आपण गावात जाऊ."

'आपण' यात मी कसा आलो हे मला अजून कळलेलं नाही. आसनगावाहून आगगाडीने कल्याण, कल्याणहून मोटारीने मुरबाड आणि पुढे बैलगाडी. गावात पोचेपर्यंत माझी हाडं सुटी झाली होती. होळी उद्यावर आलेली. देवळापुढे माणसं बसली होती, बाया कडेला उभ्या होत्या, कमळू आणि त्याचा बाप सगळ्यांच्या मागे होते. कर्णिक उभे राहिले आणि सवयीने म्हणाले, "अध्यक्ष महाराज..." सगळं गाव मागे वळून बघू लागलं, कोण आलंय म्हणून.

बोलले मात्र चांगलं. अभ्यासाचा मान वेगळा, गावचा वेगळा, एकाने दुसऱ्याला धक्का लागत नाही. गोमा पाटलांनी सगळं ऐकून घेतलं.

"बरा बोललाव," ते म्हणाले. "पन आमच्यात एक रीत हाय. ज्याला सोताला मान, त्यानंच दुसऱ्याला द्यायाचा. तुमी देनारे कोन? तुमचा गाव कंचा? तितं तुमचा मान काय?"

मी 'पुढचा विषय'ची वाट पाहत होतो. तो आला नाही.

"मला गाव नाही," ते म्हणाले. "आईवडील मी लहान असताना गेले. वार लावून जेवलो. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. तसाच शिकलो, नोकरीला लागलो. मान कुठला असणार?"

कीव यावी म्हणून नव्हते बोलत. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर दिलं, इतकंच. पण इतकी वर्षं शेजारी बसून मी ते ऐकलं नव्हतं.

"मंग झाला तं," धर्मा पाटील म्हणाले. "मान नाय त्याला मान देता येत नाय."

"खरा हाय," गोमा पाटील म्हणाले. मागे कमळूच्या बापाने मान खाली घातली.

"आमच्या घरचा मान हाय की मोकळा," बायांतून आवाज आला.

पन्नाशीची एक बाई पुढे आली. तिचं नाव भिकी. तिच्या माहेरच्या घराला पाण्याचा मान होता. होळी पेटली की तिच्याभोवती तांब्याने पाणी फिरवायचं. तापाच्या साथीत बाप गेला, दोन्ही भाऊ गेले. ही गावातच दिलेली, दुसऱ्या आळीत, म्हणून राहिली. तेव्हापासून दर होळीला पुकारा व्हायचा, 'पाण्याच्या घरचं कोन हाय?' कुणी बोलत नसे. पुकारणारा जरा थांबायचा आणि पुढच्या घराचं नाव घ्यायचा. दोन्ही पाटलांचा त्या मानावर डोळा होता, म्हणूनच तो कुणाला मिळत नव्हता.

"बाईला मान घेता येत नाय म्हनता," भिकी म्हणाली. "बरा. मास्तरला द्या. तेला गाव नाय, नि माज्या बापाचं घर बंद."

गोमा पाटलांनी बराच विचार केला. मग कित्येक वर्षांत पहिल्यांदा असेल, धर्मा पाटलांकडे तोंड करून विचारलं, "म्हंजे तुला नाय मिळायचा ना?"

"नाय. नि तुला बी नाय."

"मंग माजी हरकत नाय."

"माजी बी नाय."

भिकी कर्णिकांच्या समोर येऊन उभी राहिली. "पन मास्तर, तुमाला दर साली यावा लागंल. एक साल येऊन दुसऱ्या साली इसरलाव, असा नाय चालायचा."

"येईन," कर्णिक म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते सर्वांत छोटं भाषण.

दुसऱ्या दिवशी होळी पेटली. नारळाच्या वेळी थोडी ओढाताण झाली, ती व्हायचीच. मग पुकारा झाला, "पाण्याच्या घरचं कोन हाय?"

"हाय!" कर्णिक इतक्या जोरात ओरडले की कडेवरचं एक पोर दचकून रडायला लागलं.

तांब्या दोन्ही हातांनी धरून ते होळीभोवती फिरले. निम्मं पाणी होळीभोवती पडलं, निम्मं त्यांच्या अंगावर. त्यानंतर नव्या मानकऱ्याने रीतसर कमळूला बिल्ला दिला. एका बाजूने गोमा पाटलांनी सदरा ताणून धरला, दुसऱ्या बाजूने धर्मा पाटलांनी, त्यामुळे बिल्ला शेवटपर्यंत वाकडाच राहिला. विस्तव घेऊन घरी जाणाऱ्यांत कमळूचा बाप सर्वांत पुढे होता. भिकीने कर्णिकांच्या हातातून रिकामा तांब्या घेतला आणि म्हणाली, "दादा, धोतर सगळा भिजला रे तुजा. इस्तवाजवळ उभा रा जरा." कालपर्यंत ती त्यांना 'तुमी' म्हणत होती.

कमळू पास झाला, मुरबाड तालुक्यातच मास्तर झाला. शहापुरात मंडळं निघतच राहिली, तो भाग सांगण्यासारखा नाही.

त्या होळीनंतरच्या दिवाळीला मी गावी गेलो नव्हतो. पाडव्याच्या आदल्या दिवशी कर्णिक आमच्या दारात आले. आत येईनात. खोलीला चुना लावत असावेत, कपाळावर ठिपके होते.

"काय हो भावजी, चहा टाकू?" बायकोने विचारलं.

"चहा नको, वहिनी. एक पाट हवा होता. भाऊबीजेला भिकी येणार आहे. मी उद्या आणायला जातोय तिला."

"एकच पुरेल?"

"तेच विचारायचं होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. आवाज खाली आणून म्हणाले, "ओवाळताना पाटावर बसतं कोण? बहीण की भाऊ?"

माझी बायको आत गेली, भिंतीशी उभा केलेला मोठा पाट घेऊन आली आणि पदराने उगीचच पुसत राहिली.

"भाऊ बसतो," ती म्हणाली. "पूर्वेकडे तोंड करून बसा. टोपी घालून."

"टोपी घालून," कर्णिक म्हणाले, आणि पाट काखेत घेऊन निघाले.