बत्तीस खटक्यांची गाडी

सुख फार काळ सहन करणं माणसाला जमत नाही, आणि ते कंपनीनेच बसवून दिलेलं असेल तर मुळीच नाही.

दातांच्या डॉक्टरांनी लाल रंगाची स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा तिच्यात हाच गंभीर दोष होता. चाक खड्ड्यात गेलं तरी आत बसलेल्याला पत्ता लागत नसे. डॉक्टरांनी काही महिने हा आराम निमूटपणे सोसला. मग एका रविवारी, स्पोर्ट्स कारवाल्यांच्या मेळाव्यात, कोणीतरी त्यांच्या चाकाशी वाकलं, आतल्या स्प्रिंगा बघितल्या आणि म्हणालं, "अजून कंपनीचंच सस्पेन्शन?" पन्नाशीच्या गृहस्थाला 'अजून दुधाचेच दात?' असं चारचौघांत विचारावं, तसा तो स्वर होता. डॉक्टरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

यावरचा इलाज म्हणजे कॉइलओव्हर. स्प्रिंगच्या पोटात शॉकअब्झॉर्बर घातलेला असा हा नळकांड्यांचा संच असतो. त्यावरची कडी फिरवली की गाडी खाली-वर होते आणि नॉब फिरवला की कडक किंवा मऊ होते. डॉक्टरांनी मागवलेल्या संचाच्या नॉबला बत्तीस खटके होते. म्हणजे दात जितके तितकेच. यात डॉक्टरांना ईश्वरी संकेत दिसला.

"साहेब, कितीवर ठेवू?" गॅरेजवाल्या मिस्त्रीने विचारलं.

"कडक. सगळ्यात कडक."

"आणि उंची?"

"खाली जाईल तितकी."

मिस्त्री हुकमाचा ताबेदार. गाडी अशी बसली, की तिच्याखालून झुरळानेही वाकून जावं. काढलेल्या जुन्या स्प्रिंगा डॉक्टरांच्या बायकोने बाल्कनीत नेल्या आणि त्यांच्यावर कुंड्या ठेवल्या. (झाडांना तेव्हापासून एकही धक्का बसलेला नाही.)

नव्या व्यवस्थेचे लाभ सांगावे तितके थोडे. पूर्वी रस्ता नुसता दिसायचा, तो आता कळू लागला. वाटेत कोणी सुपारीचं खांड टाकलं असेल, तर ते अख्खं होतं की कातरलेलं, हे डॉक्टर मणक्यावरून सांगत. बायकोच्या दाढेतलं सिमेंट पहिल्याच फेरीत निघून आलं, पण घरचाच डॉक्टर असल्याने ते लगेच भरून मिळालं. प्रवाशांची मतचाचणीही झाली आणि तीत शंभर टक्के लोकांनी पूर्ण समाधान व्यक्त केलं. (मतदान फक्त डॉक्टरांनी केलं.)

राहता राहिला प्रश्न गतिरोधकांचा. माणसं आत असली की गाडीचं बूड गतिरोधकांवर घासे. त्यासाठी डॉक्टरांनी एक साधी, सुटसुटीत पद्धत घालून दिली. गतिरोधक आला की प्रवाशांनी उतरायचं, तो पायी ओलांडायचा, गाडी तिरकी-तिरकी करत पलीकडे आली की पुन्हा बसायचं. बायकोला भाजीला जाताना चार वेळा उतरावं लागे. पुढे पुढे ती चौथ्यानंतर बसायचीच नाही, तशीच चालत मंडईत जायची आणि गाडीच्या आधी पोचायची.

"अहो, तो नॉब एवढा दिलाय तो कशाला मग?" तिने एकदा विचारलं.

"तो असण्यासाठी आहे," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "फिरवण्यासाठी नाही."

असं सगळं छान चाललेलं असताना आप्पांच्या, म्हणजे डॉक्टरांच्या वडिलांच्या, पाठीचं ऑपरेशन झालं. मणक्यांच्या डॉक्टरांनी बजावलं, की घरी नेताना धक्का लागता कामा नये, लागला तर सगळं मुसळ केरात. बायकोने टॅक्सीचं नाव काढलं. पण आप्पा ऐकतात कसले!

"टॅक्सी? मी मुलाच्या गाडीतूनच येणार. शेजारच्या खाटेवरच्यांना सांगून बसलोय. ते खिडकीतून बघणारेत."

डॉक्टरांपुढे पेच पडला. एकीकडे बापाची पाठ, दुसरीकडे त्याचा शब्द, आणि मधे बत्तीस खटके. गाडीवर त्यांचा विश्वास होताच, तरी खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी दवाखान्यातली प्लॅस्टरची कवळी, जिच्यावर ते पेशंटना दात घासायला शिकवत, ती शेजारच्या सीटवर ठेवली आणि फाटकापर्यंत एक फेरी मारली. फेरीअंती वरचा जबडा सीटखाली सापडला. खालचा दाराच्या खणात होता. त्या जागी आप्पा असते तर, हा विचार डॉक्टरांच्या मनात आला.

ते तडक मिस्त्रीकडे गेले आणि त्याला शटर ओढून घ्यायला लावलं. मग एकेक खटका सैल करायचा, कवळी ठेवायची, गल्लीत चक्कर मारायची, असा प्रयोग सुरू झाला. कवळी खटक्यागणिक कमी उडत होती, पण उडत होती. मग उंचीची कडी फिरवली. थोडी वर, आणखी वर, पार टोकाला. शेवटी नॉबलाही पुढे जायला जागा उरली नाही, तेव्हा दोन्ही जबडे सीटवर एकमेकांना धरून शांत बसले.

मिस्त्रीने गाडीभोवती एक फेरी मारली. त्याचा चेहरा खुलला.

"झाली बघा साहेब! अगदी कंपनीतून आल्यासारखी!"

"हे बाहेर बोलायचं नाही," डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आप्पा खिडकीकडे हात हलवत गाडीत बसले. पहिला गतिरोधक आला तशी त्यांनी सवयीने दाराची कडी धरली. (प्रकृती ठीक असताना तेही उतरत असत.) "बसा हो, आप्पा," डॉक्टर म्हणाले. गाडी वर चढली, खाली उतरली. आप्पांच्या मांडीवरच्या पिशवीतली संत्रीसुद्धा हलली नाहीत. दुसरा गेला. तिसरा गेला.

घराच्या फाटकाशी त्यांनी मुलाच्या हातावर हात ठेवला. डोळे भरून आले होते.

"लेका, खरं सांग. मऊ केलीस ना रे गाडी?"

डॉक्टरांनी मान खाली घातली.

"माझ्या पाठीपायी," आप्पा म्हणाले, "इतकी चांगली गाडी बिघडवलीस!"

डॉक्टरांनाही भरून आलं. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, आप्पा. तुम्ही बरे झालात की करतो परत नीट."

आणि त्यांनी शब्द पाळला. आप्पा आता ठणठणीत आहेत, गाडीही पुन्हा जमिनीला टेकलेली आहे. गतिरोधक आला की आप्पा सगळ्यांच्या आधी उतरतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतात, की हिला बत्तीस खटके आहेत, हवी तेवढी मऊ होते, मी स्वतः बसलोय.

इथे ज्या वाचकाला हसू आवरत नसेल त्याने जरा उठावं आणि चहा करून घ्यावा. नेहमीच्याच कपात घ्यावा, कान तुटलेल्या. ते सोनेरी काठाचे सहा कप काचेच्या कपाटात आहेत तिथेच बरे आहेत. ते असण्यासाठी आहेत. तुमचे आप्पाही इतकी वर्षं त्या तुटक्या कपातूनच पितात, आणि आल्या-गेल्याला कपाट दाखवतात.