बाईंसमोर नको

रविवारी दुपारी मी स्टूल धरून उभा होतो आणि सुशी वर चढून नटीच्या फोटोची काच पुसत होती. "हलू नका हो, बाई वाकड्या होतील." आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. सोमवारी जेवून खुर्चीत बसली ती उठलीच नाही.

सुशी माझी बायको. लंडनच्या वेम्बलीत पंचेचाळीस वर्षं संसार केला. मी चौथी शिकलेला, जन्म ब्रेडच्या फॅक्टरीत गेला, म्हणून सरळच लिहितो. बायको विचित्र होती.

फोटो तिने चॅरिटी शॉपमधून, लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली कोणी गोरी नटी, असं दुकानवालीने सांगितलं. नाव कोणालाच ठाऊक नाही. स्टुडिओत काढलेला. केसांच्या लाटा, खांद्यावर कसलंसं केसाळ कातडं, भुवया पेन्सिलीच्या रेघेएवढ्या आणि नजर थेट आपल्यावर. "ही कोण बया?" मी विचारलं. "बया नाही, बाई म्हणा." आणि दिवाणखान्यात देवाच्या शेजारी टांगली.

तिथून माझे हाल. बनियनवर बसलो, "बाईंसमोर नको." नखं कापायला घेतली, "बाईंसमोर नको." भांडायचं तर किचनमध्ये जाऊन. एकदा तिथे पोचेपर्यंत भांडण कशावरून होतं तेच दोघं विसरलो. मग चहा केला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला स्टॅनमोरच्या आयटीवाल्या बायका आल्या. एकीने काचेवर कुंकू लावून वाकून नमस्कार केला.

"सासूबाई ना? किती गोऱ्या होत्या!"

"होत्या," सुशी म्हणाली. चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

माझी आई जन्मभर उन्हात खुरपणारी, तव्यासारखी काळी. मी आत जाऊन तोंडात नॅपकिन कोंबला.

सोमवारी संध्याकाळी लेक नीता नॉटिंगहॅमहून आली. इथेच जन्मलेली, मराठी तिचं असंतसंच. नातेवाइकांना फोन करायला बसली.

"बाबा, आईच्या माहेरला कोण सांगणार?"

"माहेरी उरलंय कोण? सुशी रांगत होती तेव्हाच तिची आई गेली. फोटोसुद्धा नाही तिचा."

नीताने भिंतीवरच्या बाईंकडे बोट दाखवलं. "आहे ना. आई मला सांगितली. तिची मावशी बोलायची, तुझी आई कोणाला घाबरत नव्हता, सरळ डोळ्यात बघायचा. म्हणून आई ही फोटो घेतली. तुम्हाला माहीत नाही?"

नव्हतं. सांगितलं असतं तर मी हसलो असतो. ते सुशीला माहीत होतं.

मंगळवारी सकाळी नीता उठायच्या आत आंघोळ केली आणि फोटोसमोर जाऊन उभा राहिलो. आमच्यात सून गेली की पहिला निरोप तिच्या माहेरी द्यायचा असतो.

"मी तुमचा जावई," म्हटलं. "तुमची सुशी गेली. काल दुपारी. त्रास झाला नाही तिला."