जगदाळ्यांचं जंगल कोणी तोडलं?

“आमच्या आडनावातच टिपणं आहे,” असं नंदकुमार टिपणीस प्रत्येक नव्या माणसाला चहा यायच्या आत सांगून टाकायचा. “माणसं नुसती बघतात, मी टिपतो. नजर एक्स-रेसारखी. स्मरणशक्ती पोस्टाच्या शिक्क्यासारखी, एकदा उमटली की उमटली. आणि नाक... आता स्वतःच्या नाकाबद्दल बोलणं बरं दिसत नाही.” एवढं म्हणून तो चहा संपेपर्यंत नाकाबद्दल बोलायचा.

त्या चहात साखर घालायची राहिलीय, हे त्याच्या कधी लक्षात यायचं नाही. ते मीनाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, लक्षात यायचं.

नेरूळच्या रो-हाउसच्या दारावर त्याने ‘नं. त्रिं. टिपणीस, खाजगी गुप्तशोधक’ अशी पाटी लावली होती. धंदा गुप्त असल्यामुळे पाटी तुळशीच्या कुंडीमागे होती. दिवसा तो फोर्टातल्या एका विमा कचेरीत कारकुनी करायचा, सुट्टीच्या दिवशी शोध. मीना ही त्याची सहायक. तिला कुणी विचारलं नव्हतं. लग्नात इतर भांड्यांबरोबर तीही जबाबदारी आली होती. चार घरांच्या साड्यांना फॉल लावायचे, आणि नवऱ्याने हाक मारली की भिंग, टॉर्च आणि थर्मास घेऊन मागे चालायचं.

सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात एका शनिवारी सकाळीच समोरचे रावसाहेब जगदाळे बनियनवर धावत आले.

“टिपणीस, चोरी झाली! माझं जंगल गेलं!”

जंगल हा शब्दही कमीच पडला असता. रावसाहेबांच्या अंगणात मेंदीचं कुंपण होतं, ते दोन वर्षांत पुरुषभर वाढलं होतं. त्यात घाणेरी घुसली, घाणेरीवर बोगनवेल चढली, मधून एरंडाने डोकं काढलं, आणि शेवटी पोस्टमनने आत यायचं सोडून पत्रं कुंपणावरून भिरकवायला सुरुवात केली. रावसाहेबांच्या पत्नी गिरजाबाई दर रविवारी म्हणायच्या, “अहो, तेवढं तोडा.” रावसाहेब दर रविवारी म्हणायचे, “पुढच्या रविवारी.” मागे एकदा तिथे घोणस दिसली. तेव्हा रावसाहेब म्हणाले, “तिला पण जगायचंय.”

आता ते दोघं मुलीच्या बाळंतपणासाठी साताऱ्याला गेले होते. मुलगी सुखरूप बाळंत झाली, नातू झाला. गिरजाबाई मागे राहिल्या, रावसाहेब एकटे एस.टी.ने परत आले, आणि बघतात तर अंगण गुळगुळीत. हजामत केल्यासारखं.

“घरातलं काय गेलं?” नंदकुमारने विचारलं.

“काही नाही. कुलूप तसंच आहे.”

“म्हणजे चोराला फक्त झुडपं हवी होती.” नंदकुमारच्या डोळ्यांत चमक आली. “मीना, भिंग! या प्रकरणाच्या मुळाशी जायला हवं.”

“मुळंसुद्धा उपटून नेलीत,” मीना म्हणाली.

रावसाहेबांचा संशय मात्र आधीच ठरलेला होता. “हे शिवरामचं काम. दुसरा कोण? त्याच्या खिडकीत उजेड येत नाही म्हणून कुरकुरत होता. माझ्या पाठीमागे माझ्या अंगणाला हात लावतो? मी पोलिसात जाणार. आणि मधली भिंत बांधून घेणार, सात फुटी!”

शिवराम हिवराळे हा रावसाहेबांच्या शेजारच्या घरातला. मूळचा जालन्याकडचा, न्हावा शेव्याला नव्या बंदराचं बांधकाम चाललं होतं तिथे स्टोअरकीपर. रावसाहेबांचा आणि त्याचा रोजचा कॅरम होता. दोन्ही घरांत मिळून पाण्याची एकच टाकी. गेल्या वर्षी रावसाहेबांच्या छातीत कळ आली, तेव्हा पहाटे ट्रकवाल्याच्या हातापाया पडून त्यांना वाशीच्या दवाखान्यात नेलं ते शिवरामनेच. सात फुटी भिंतीने काय काय तुटणार होतं, ते मीनाला दिसत होतं.

“शिवराम?” नंदकुमार हसला. “रावसाहेब, उघड दिसतो तो गुन्हेगार कधीच नसतो. तरी औपचारिकता म्हणून भेटून घेऊ.”

शिवरामने दार उघडलं. त्याच्या चार बोटांना चिकटपट्ट्या होत्या आणि मनगटापासून कोपरापर्यंत लाल ओरखडे. दाराआड कुदळ उभी होती, तिला ओली माती.

नंदकुमारने ते सगळं भिंगातून टिपलं. “मांजर पाळलंत वाटतं!”

शिवरामने हात पाठीमागे घेतले. “हो... म्हंजे, भटकं हाय.”

“बघितलंस?” बाहेर पडल्यावर नंदकुमार मीनाला म्हणाला. “एका नजरेत ओळखलं. हा माणूस निर्दोष आहे. प्राण्यांवर प्रेम करणारा माणूस झाडं तोडत नाही.”

“अहो, ते ओरखडे घाणेरीचे आहेत. आणि कुदळ...”

“मीना, तू साड्या बघ. पुरावा मी बघतो.”

दुपारी पहिला सिद्धांत तयार झाला. झुडपं मुळासकट का काढली? कारण खाली काहीतरी होतं. इथे पूर्वी मिठागरं होती, मिठागरवाले श्रीमंत होते, श्रीमंत माणसं धन पुरतात. नंदकुमारने रावसाहेबांची पहार घेतली आणि अंगणाच्या मधोमध हाणली. तिसऱ्या घावाला ‘ठण्ण’ आवाज झाला.

“हंडा!” तो ओरडला.

हंडा नव्हता, पाण्याची पाइपलाइन होती. कारंजं त्याच्या तोंडावर उडालं. पाणी एक वेळ येणाऱ्या गल्लीत ते कारंजं बघायला बायका बादल्या, घमेली आणि शिव्या घेऊन बाहेर आल्या. शिवराम बनियनवरच धावला. सायकलची ट्यूब कापून त्याने पाइपला गुंडाळली. “कुनीतरी दाबून धरा,” तो म्हणाला. जवळ रावसाहेबच होते. दोघं चिखलात गुडघे टेकून बसले, चार हात एका पाइपवर, आणि एक शब्द नाही. शिवरामने वरून तार आवळली, तसे रावसाहेब उठले आणि तोंड फिरवून आत गेले. शिवराम बराच वेळ तिथेच बसून हातांवरच्या भिजलेल्या चिकटपट्ट्या काढत राहिला.

मीनाला ते बघवलं नाही. संध्याकाळी वाटीभर आमटी घेऊन ती त्याच्याकडे गेली.

“भाऊजी, झुडपं तुम्हीच तोडलीत ना?”

“तुमाला कुनी सांगितलं?”

“तुमच्या हातांनी. मग सांगून का टाकत नाही? ते पोलिसात जायचं म्हणतायत.”

शिवरामने वाटी बाजूला ठेवली. “वहिनींना शब्द दिलाय. गावाला जायच्या आदल्या दिवशी आल्या हितं. म्हन्ल्या, भावजी, बाळ घरी येनार, ते जंगल साफ करा. ह्यांना इचारू नका, हे अडवतील. आन् आत जे घावंल ते टाकून द्या, मला ठाऊक हाय हे त्यांना कळू देऊ नका.”

“आत काय होतं?”

“एक स्टूल,” शिवराम हळूच म्हणाला. “पत्र्याचा डबा, राखेनं भरलेला. घाणेरीच्या आत माणूस बसंल एवढी जागा कातरली होती. डॉक्टरनं बंद केली ना त्यांची शिगरेट... वहिनी रडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या सांगून गेल्या.”

रावसाहेब दर रविवारी झुडपांना का जपत होते, येताजाता वेलदोडे का चघळत होते, सगळं मीनाला उलगडलं. ‘मीच तोडली’ म्हणावं, तर शिवरामला ते स्टूल दिसलं हे रावसाहेबांना कळणार. ते कळलं की गिरजावहिनींपर्यंत पोचलं असणार, ही शंका येणार. म्हणून हा माणूस शिव्या खात बसला होता.

घरी आली तर नंदकुमार खोलीत येरझाऱ्या घालत होता. समोर वर्तमानपत्रावर मातीने माखलेली सिगरेटची थोटकं मांडलेली. चांगला ढीग होता.

“अंगणातून मिळाली!” तो म्हणाला. “सगळी एकाच ठिकाणी, मातीत दाबलेली. मीना, महिनोन् महिने त्या झुडपांत एक माणूस लपून बसत होता. समोर काय? रस्ता. रस्ता कुठे जातो? न्हावा शेव्याला! तिथे काय होतंय? बंदर! स्मगलर, मीना! आंतरराष्ट्रीय टोळीचं टेहळणी ठाणं, आपल्या दारासमोर! काम संपलं, तसं त्यांनी ठाणं पुसून टाकलं.”

“अहो, टोळी आपल्यामागे अंगण झाडून जाते का?”

“शिस्तबद्ध टोळी आहे.”

मीनाने खरं सांगावं, तर नवऱ्याच्या पोटात गोष्ट राहत नव्हती. गुप्तशोधकाचं गुप्त तेवढं पाटीवरच. सकाळपर्यंत सानपाड्याला बातमी लागली असती.

रविवारी सकाळी नंदकुमारने त्या मोकळ्या अंगणात सगळ्यांना जमवलं. रावसाहेबांना खुर्ची, शिवरामला पायरी, बाकीची गल्ली आपापल्या गच्चीवर. त्याने उन्हात मफलर गुंडाळला होता.

“मंडळी,” तो म्हणाला, “अपराधी आपल्यातला नाही. शिवराम हिवराळे यांना मी निर्दोष जाहीर करतो, त्यांनी मांजर पाळलंय. अपराधी आहे एक सराईत स्मगलर. उंची साधारण पाच फूट आठ. वजनदार, कारण माती खोल दबलीय. निर्ढावलेला, कारण एवढ्या सिगरेटी साधा माणूस ओढत नाही.”

रावसाहेबांची उंची साधारण तेवढीच होती. त्यांचा चेहरा थोटकांच्या राखेसारखा झाला.

“टिपणीस, जाऊ द्या. माझी तक्रार नाही.”

“आता ही तक्रार तुमची राहिलेली नाही, देशाची झाली! ही थोटकं मी आजच पोलिसांना देणार. थुंकीवरून माणूस ओळखतात. घराघरात येऊन तपासतील. वृत्तपत्रात नावं येतील. गिरजावहिनींचासुद्धा जबाब घेतील, साताऱ्याला जाऊन!”

“अहो, नका!” रावसाहेब खुर्चीवरून उठले. “माझ्या आहेत त्या सिगरेटी!”

गच्च्यांवरची माणसं कठड्यावरून वाकली.

“माझ्या आहेत,” ते पुन्हा म्हणाले, आता हळू आवाजात. “गिरजाला सिगरेट सोडली म्हणून सांगितलं होतं. दवाखान्यात, तिच्या डोक्यावर हात ठेवून. आणि त्या घाणेरीत स्टूल टाकून बसायचो, चोरासारखा. झुडपं गेली, तर मला वाटलं सगळ्या गल्लीला मी उघडा दिसतोय.”

शिवराम पायरीवरून उठला. “झुडपं म्या तोडली, रावसाहेब. मांजर-बिंजर काय नाय. बाळ येनार, घोनस निगाली होती. तुमाला इचारलं नाय, चुकलं.”

“आणि स्टूल?”

“मला कायबी घावलं नाय.”

रावसाहेबांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. पाइप दाबताना ते हात दोन इंचांवर होते, तरी त्यांनी ते पाहिले नव्हते. त्यांनी शिवरामचा तळवा उलटा करून बघितला, फुटलेले फोड बघितले.

“आयला शिवराम, हातमोजे तरी घालायचेस,” ते म्हणाले. मग घसा खाकरून, “गिरजाला कळू देऊ नकोस. आजपासून खरंच बंद. पण कळू देऊ नकोस.”

शिवराम एक सेकंद मीनाकडे बघत राहिला. एक शब्द आधीच वहिनींना दिलेला होता, आता दुसरा मागितला जात होता.

“शब्द देतो,” तो गंभीरपणे म्हणाला.

नंदकुमारने मफलर सोडला. “बघितलंत? मानसशास्त्रीय दबाव! मला पहिल्यापासून ठाऊक होतं. स्मगलर हे फक्त आमिष.” टाळ्या वाजल्या नाहीत, म्हणून त्याने स्वतःच मान लववली.

पुढच्या आठवड्यात गिरजाबाई मुलीला आणि नातवाला घेऊन आल्या. टॅक्सीतून उतरल्या, फाटकापाशी थांबल्या आणि स्वच्छ अंगणाकडे बघत राहिल्या. बाळाला ऊन लागू नये म्हणून त्यांनी पदर आडवा धरला होता.

“अगंबाई! हे कुणी केलं?”

“मीच,” रावसाहेब म्हणाले. “म्हणजे, शिवरामने आणि मी. रविवार होता ना.”

“केवढं मोठं काम,” गिरजाबाई कौतुकाने म्हणाल्या. “दमला असाल.” त्यांची नजर शिवरामच्या हातांवरून रावसाहेबांच्या खिशाकडे गेली. खिसा सपाट होता. त्यांनी बाळ सरळ नवऱ्याच्या हातात दिलं, आणि दोन्ही हात बाळात गुंतलेले रावसाहेब जपून पावलं टाकत घरात गेले. गिरजाबाई मागे वळून शिवरामला म्हणाल्या, “भावजी, जेवायला इकडेच या. पुरणपोळी करतेय.”

समोरच्या खिडकीतून नंदकुमार हे सगळं भिंगातून टिपत होता.

“मीना,” तो भिंग पुसत म्हणाला, “या प्रकरणात सगळ्यांच्या मनात काही ना काही होतं. निष्पाप एकच. बिचाऱ्या गिरजावहिनी! काडीचा पत्ता नाही त्यांना.”

मीनाने दोरा दातांनी तोडला. “नाही ना,” ती म्हणाली. “तुम्ही चहा घ्या.”