किती वाजता?

आमच्या ऑफिसात कुणी 'हो हो' म्हणालं, की पलीकडच्या खुर्चीतून बेहेऱ्यांचा आवाज येतो, "किती वाजता?"

चहाला येणार का, हो हो येतोच. "किती वाजता?" फाइल पाठवतोस ना, हो हो. "किती वाजता?" एकदा लिफ्टमध्ये दोन मुलं एकमेकांना सांगत होती, भेटू या रे एकदा, हो हो, नक्की. बेहेरे उतरता उतरता म्हणाले, "भेटणार नाहीत." ती मुलं ओळखीचीसुद्धा नव्हती.

भास्कर बेहेरे आमच्या टीममधले सगळ्यांत ज्येष्ठ सॉफ्टवेअर टेस्टर. रिटायर व्हायला दोन वर्षं उरलीत. स्वारगेटजवळून दोन बस बदलून खराडीला येतात आणि तरी माझ्याआधी पोहोचलेले असतात. आमच्याकडे मोठ्या साहेबालाही नुसतं 'समीर' म्हणायची पद्धत आहे. बेहेरे मात्र कालच कॉलेजातून आलेल्या पोरीला 'अहो वैष्णवीबाई' म्हणतात. मी त्यांची टीम लीड, म्हणून मी जगतापबाई.

आमचा क्लायंट जर्मन. क्लाउस नावाचा मोठा सज्जन माणूस. तो विचारणार, शुक्रवारपर्यंत होईल का? आमची सगळी टीम एका सुरात हो हो म्हणणार. शुक्रवारी क्लाउस वाट बघत बसणार आणि आम्ही तोंड लपवत फिरणार. हे वर्षभर चाललं होतं.

"अहो जगतापबाई, त्याच्या देशात हो म्हणजे सही," बेहेऱ्यांनी एकदा डबा खाता खाता माझा वर्गच घेतला. "आपल्याकडे हो म्हणजे, तुम्ही बोललात, मी ऐकलं, राग मानू नका. तो बिचारा वहीत लिहून घेतो."

"मग ओळखायचं कसं?"

"सोपं आहे. दोनदा म्हटलेला हो खोटा. एकदा म्हटलेला, बघू. वेळ सांगून आलेला तेवढा खरा."

मी सासवडची. आमच्याकडे 'जेवून जा' म्हणतात तेव्हा ताट वाढलेलं असतं. त्यामुळे हा सगळा पुणेरी आगाऊपणा आहे, असं माझं स्पष्ट मत होतं. ते मी त्यांना सांगितलंही. "असू शकेल," म्हणाले आणि डबा बंद केला.

गेल्या महिन्यात क्लाउसचा कॉल चालू होता. शेवटच्या भागाचं टेस्टिंग शुक्रवारपर्यंत पूर्ण होईल का, असं त्यानं विचारलं. ते काम वैष्णवीचं. ती हो हो म्हणाली. बेहेऱ्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्यामुळे हल्ली त्यांच्या स्क्रीनवरची अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी असतात आणि नाक स्क्रीनला टेकलेलं असतं. ते नाक वर आलं.

"किती वाजता?"

चालू कॉलमध्ये, मराठीत. वैष्णवीच्या डोळ्यांत पाणी आलं. बेहेऱ्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि क्लाउसला इंग्रजीत ठणकावून सांगितलं, "नाही. शुक्रवारी होणार नाही. पुढच्या बुधवारी, दुपारी चार वाजता."

समीरचा चेहरा पडला. मला तर धरणी दुभंगावी असं झालं. क्लाउस शांतपणे म्हणाला, "आभारी आहे. वर्षभरात पहिल्यांदा मला नीट उत्तर मिळालं." त्यावर समीर घाईघाईनं म्हणाला, "मी हेच सांगणार होतो."

कॉल संपल्यावर कळलं की गुरुवारी वैष्णवीच्या बहिणीचं लग्न होतं, यवतमाळला. आणि ही जाणारच नव्हती.

"आमच्याकडे मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत जी," ती म्हणाली.

"म्हणून बहिणीला नाही म्हणणार होतात? गाडी किती वाजता आहे?"

"उद्या संध्याकाळी सहाला एक आहे."

"मग आता इथे काय करताय? तिकीट काढा."

त्याच संध्याकाळी चार्जर विसरला म्हणून मी मीटिंग रूमकडे परत गेले. बेहेरे एकटेच आत बसले होते. समोर फोन, स्पीकरवर. पलीकडे त्यांची मुलगी, मुक्ता. ती जर्मनीतच असते. बेहेरेकाकू जाऊन चार वर्षं झाली.

"बाबा, मंगळवारी साडेसातला दवाखान्यात पोहोचायचंय ना? ऑपरेशनला बरोबर आहे ना कुणीतरी?"

"हो हो. आहेत ना माणसं."

"नक्की? नाहीतर मी येते."

"हो हो. तू नको धावपळ करूस."

मी दारातच थांबले. वर्षभर शिकवणी झाली होती माझी, मला ऐकू न येऊन कसं चालेल? सगळ्या ऑफिसचे खोटे हो पकडणारा माणूस, आणि याचा पकडायला घरात कुणी नाही.

फोन ठेवल्यावर त्यांना मी दिसले. आकृती दिसली असेल, बाकी काय दिसणार.

"दुसऱ्यांचे फोन ऐकू नयेत, जगतापबाई."

"दोनदा म्हणालात. दोन्ही वेळा."

ते चष्मा पुसत बसले. बराच वेळ पुसला. मोतीबिंदू चष्मा पुसून जात नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

"मंगळवारी मी येते तुमच्याबरोबर," मी म्हटलं.

आणि जन्माची सवय, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "किती वाजता?"

"सात वाजता. तुमच्या दारात."

बेहेऱ्यांनी डबा पिशवीत ठेवला, परत बाहेर काढला, परत ठेवला. मग फोन उचलून अगदी डोळ्यांजवळ नेला आणि नंबर लावला.

"मुक्ता, मगाशी मी खोटं बोललो गं. कुणी नव्हतं. आता जगतापबाई येताहेत." मग घसा खाकरून म्हणाले, "सात वाजता."